चुळबुळ्याची माणसं

माझी मावशी टेनिस बघायची ती चालत. टीव्ही कोपऱ्यात असायचा, काका त्यांच्या खुर्चीत असायचे, मी भिंतीला टेकून जमिनीवर असायचे, आणि मावशी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा बाहेरच्या खोलीत अशी फेऱ्या घालत असायची. जाता-येता जेवढा खेळ दिसेल तेवढा तिचा. अटीतटीचा पॉइंट आला की ती नेमकी स्वयंपाकघरात जायची आणि तिथून विचारायची, "काय झालं? नको, सांगू नकोस." मग दोन क्षण थांबून, "बरं, सांग."

मी नोकरीसाठी त्या शहरात आले, एका विमा कंपनीत लागले आणि जागा मिळेपर्यंत म्हणून मावशीकडे राहायला गेले. जागा मिळाली तरी हलले नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मला वाटतं त्या घरात तिसरं माणूस दोघांनाही हवंच होतं. निदान एकमेकांविषयीची वाक्यं माझ्याकडे बघून बोलता यायची.

तिघी बहिणींत मावशी मधली, माझी आई थोरली. आई सांगायची की हिच्या पायाला जन्मतःच भिंगरी. शाळेत बाकावर बसली की बाक हलायचा, म्हणून शेजारी बसायला कुणी तयार नसे. जुन्या फोटोंमध्ये सगळे स्वच्छ दिसतात, फक्त मावशीचा चेहरा पुसट, कारण फोटोवाल्याने तीनदा सांगूनही ती हलली. "शांत बस" हे दोन शब्द तिने लहानपणी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले असतील. पन्नाशी उलटल्यावरही फरक नव्हता. जेवताना पाय हलायचा, फोनवर बोलताना हातातला टॉवेल पिळला जायचा, झोपेतही ती कूस बदलत राहते असं काका म्हणायचे.

काका म्हणजे उलटं टोक. ते सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायचे. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा की नाही याचा आधी विचार करतील असा माणूस. आवाज कधी चढला नाही, दार कधी आपटलं नाही. फक्त एकच होतं. चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे, आणि चूक त्यांना सगळीकडे दिसायची. दुधाच्या पिशवीवरची, इमारतीच्या नोटिशीतली, मावशीच्या बोलण्यातली. ती म्हणायची, "काल मी ती पावती दाखवली ना," आणि काका चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणायचे, "काल नाही. परवा." भाजीत मीठ कमी असेल तर तेही अशाच आवाजात. रागाचा लवलेश नाही. म्हणून त्यांच्यावर रागावताही यायचं नाही.

आमच्या घरात खेळाडूंना कुणी त्यांच्या खऱ्या नावाने ओळखत नसे. काकांचा लाडका होता थंडोबा. त्या काळात जिंकण्यासारखं जे काही होतं ते सगळं जिंकून बसलेला, उंच, देखणा. पाच सेट खेळूनही त्याच्या कपाळावर घाम दिसायचा नाही. हरला तरी टॉवेलची व्यवस्थित घडी घालून पिशवीत ठेवायचा, मग समोरच्याशी हात मिळवायचा. काका त्याच्याकडे बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या बिनचूक पानाकडे बघावं तसा व्हायचा.

मावशीचा होता चुळबुळ्या. हे नाव काकांनी ठेवलेलं, टोचायला म्हणून, पण मावशीने ते उचललं आणि प्रेमाने वापरायला लागली. चुळबुळ्या कधीच पहिल्या क्रमांकावर गेला नाही. चौथा, सहावा, मग अकरावा, मग वीस-पंचवीसच्या आसपास. सर्व्हिस करण्याआधी तो चेंडू इतका वेळ आपटत बसायचा की पंच घड्याळाकडे बघायचे. खांद्यावरचा शर्ट ओढायचा, मनगटावरची पट्टी फिरवायचा, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायचा, स्वतःशी भांडायचा. एकदा टॉवेलशीही भांडला होता. समालोचक त्याला कंटाळायचे. पण पाय असे चालायचे की दुसऱ्या कुणाचा गेलेला चेंडू त्याचा अजून गेलेला नसायचा. हरत आलेला सामना तो चिवटपणे ओढत न्यायचा आणि जिंकत आलेला तितक्याच चिवटपणे घालवायचा.

"काय बघतेस तू त्याच्यात?" मी एकदा विचारलं होतं. मावशी गॅलरीच्या दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

"त्याला कुणी शांत बस म्हणत नाही," ती म्हणाली. मग स्वतःच दुरुस्त केलं. "म्हणजे म्हणतात. सगळेच म्हणतात. पण तो बसत नाही, आणि तरी खेळतो."

"खेळतो आणि हरतो," काका खुर्चीतून म्हणाले.

"तरी दुसऱ्या दिवशी येतो ना."

खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांची आवडती होती एक रडूबाई, हरली की रडायची आणि जिंकली की त्याहून जास्त रडायची. त्या म्हणायच्या, माझं रडणं आटून गेलंय, ती रडली की मला हलकं वाटतं. मावशी जिथे काम करायची तिथल्या मालकांना हातोड्या आवडायचा, कारण त्याच्या सर्व्हिसपुढे कुणाचं काही चालत नसे, सामना लवकर संपायचा आणि जेवायला बसता यायचं. प्रत्येकाची कारणं अशीच, खेळाशी निम्माच संबंध असलेली.

मावशी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचे साचे पाठवायचे, आणि ही माणसं त्यावरून कवळ्या आणि कॅप बनवायची. मी तिथे कधी गेले नव्हते. एकदा ती घराची किल्ली विसरून गेली, मला बाहेर जायचं होतं, म्हणून दुपारी ती द्यायला गेले. लांबट खोली, खिडकीखाली टेबलांची रांग, प्लास्टरची पांढरी धूळ, कुठेतरी घासण्याच्या यंत्राची किरकिर. मावशी शेवटच्या टेबलाशी होती. समोर बारीक निळी ज्योत, हातात कोरणी, आणि ती मेणाचा एक दात कोरत होती.

मी हाक मारणार तेवढ्यात मालक हळूच म्हणाले, "थांबा जरा, एवढा दात होऊ दे."

मी थांबले. आणि थांबल्यावर लक्षात आलं की मावशी हलत नाहीये. पाय जमिनीवर सपाट, खांदे सैल. फक्त दोन बोटं चालत होती, तीही इतकी सावकाश की मेणाचा एकेक पापुद्रा सुटताना दिसत होता. मला क्षणभर वाटलं, मी चुकीच्या बाईकडे बघतेय. मग तिने मान वर केली, मला पाहिलं, "अगं बाई, किल्ली," म्हणत उठली आणि उठताना तिच्या धक्क्याने स्टूल कलंडलं. घरी हे सांगावं असं मनात आलं होतं, पण राहून गेलं.

चुळबुळ्या खेळ सोडतोय हे आम्हाला कळलं ते एका रविवारी सकाळी. काका पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बघ, 'निवृत्ती'तली 'ती' दीर्घ हवी. मथळ्यात ऱ्हस्व छापलीय."

"कुणाची निवृत्ती?" मावशीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुझ्या चुळबुळ्याची. हे वर्ष शेवटचं म्हणतोय. आणि अगं, इथे खेळायला येतोय पुढच्या महिन्यात. आपल्या शहरात."

मावशी बाहेर आली. हातातून पाणी गळत होतं. तिने पेपर घेतला, बातमी वाचली, पुन्हा वाचली.

"तुम्ही आधी ते 'ती'चं सांगितलंत," ती म्हणाली.

"मथळ्यात होतं ना. मोठ्या अक्षरात."

"मला माहीत आहे मोठ्या अक्षरात होतं."

ती खोलीभर एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, "मी जाणार बघायला."

काका हसले. मनात काही वाईट नव्हतं, मी ग्वाही देते, त्यांना खरंच विनोद सुचला होता. ते म्हणाले, "त्याला बघायला तिकडे कशाला जायचं? आरशात बघ की."

 मावशीने पेपर खाली ठेवला. गॅलरीत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली, जे अजून ओलेच होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चेष्टा केली," ते म्हणाले. 

तो महिना वाईट गेला. मावशी स्वयंपाकघरात भांड्यांवर भांडी आपटायची, रात्रीची भाजी दुपारीच करून टाकायची, बसस्टॉपवर बसची वाट न बघता पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायची आणि तिथे पोचेपर्यंत बस मागून निघून जायची. मी दोन तिकिटं काढली. तिसरं काढू का असं काकांना विचारलं तर म्हणाले, "टीव्हीवर नीट दिसतं. शिवाय तिला मी नको असेन." ते बरोबरच होतं, नेहमीसारखं.

सामना दुपारचा होता, पण मावशीने मला सकाळीच उठवून नेलं. खेळाडू आधी सराव करतात आणि तो फुकट बघता येतो असं लॅबच्या मालकांनी तिला सांगितलं होतं. सरावाच्या कोर्टाला जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणाला वीस-पंचवीस माणसं चिकटलेली होती. आत चुळबुळ्या होता.

टीव्हीत वाटायचा त्यापेक्षा बुटका. डोक्यावरचे केस विरळ झालेले. तो चेंडू मारत होता, सहज, लयीत, आणि मध्येच समोरच्या प्रशिक्षकाला काहीतरी सांगून हसत होता. शर्ट ओढणं नाही, मनगटाची पट्टी नाही, तारा सरळ करणं नाही. सर्व्हिस करायच्या वेळी चेंडू दोनदा आपटला आणि मारला. पुन्हा दोनदा, आणि मारला. एखादा माणूस स्वतःच्या अंगणात झाडांना पाणी घालतो तसा तो निवांत होता.

मावशीने कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली होती. "हा तो नाही," ती म्हणाली.

"तोच आहे गं."

"तोच आहे, पण हा तो नाही." तिच्या आवाजात मला चक्क फसवणूक झाल्याचा सूर ऐकू आला. "याला काहीच होत नाहीये. म्हणजे ते सगळं नाटक होतं का?"

शेजारी एक आडदांड माणूस उभा होता. त्याचं वजन सारखं एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होतं. तो म्हणाला, "नाटक नाही, बाई. इथे काही पणाला नाही ना. गुण मोजायला लागले की सुरू होईल त्याचं."

तो शहर बसचा चालक निघाला. आणि त्याच्या पलीकडची, हातातल्या रुमालाची दोरी करणारी बाई, ती निवृत्त शिक्षिका. दोघं एकमेकांना ओळखत नव्हती. तरी थोड्याच वेळात आम्ही चौघं बोलत होतो, आणि मला हळूहळू दिसायला लागलं की कुंपणाला चिकटलेली ही सगळीच माणसं हलतायत. कुणी नखं खातंय, कुणी पिशवीची चेन उघडझाप करतंय, एक आजोबा टोपी काढतायत आणि घालतायत. मावशीलाही ते दिसलं. ती इकडे बघायला लागली, तिकडे बघायला लागली, आणि पहिल्यांदाच हसली.

"तुम्हाला का आवडतो तो?" तिने चालकाला विचारलं.

"मी दिवसभर एका सीटवर बांधलेला असतो," तो म्हणाला. "मागे माणसं ओरडत असतात, पुढे गाड्या अडलेल्या असतात, आणि मला हलता येत नाही. हा माणूस माझ्या वाटचं हलतो."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर वर्गात घाबरत होते. रोज. चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. ह्याला भीती वाटते तेव्हा ती अख्ख्या जगाला दिसते, आणि तरी सर्व्हिस करतोच. मला त्याचं फार नवल वाटतं."

मावशीने मान हलवली, पण तिचं लक्ष पुन्हा आतल्या त्या निवांत माणसाकडे गेलं होतं. सराव संपला, तो पिशवी उचलून गेला, तरी ती बघत राहिली. स्टेडियमकडे जाताना म्हणाली, "मोजायला लागल्यावरच होतं त्याला. घरच्यासारखं असलं की नाही होत." 

दुपारी चालकाने कुणाकुणाशी जागा बदलून आम्हा चौघांना एका ओळीत आणलं. चुळबुळ्यासमोर एक तरुण, उंच, नवा खेळाडू होता. पहिला गेम सुरू झाला, पंचांनी गुण पुकारला, आणि चुळबुळ्याचा हात खांद्याकडे गेला. शर्ट ओढला. पट्टी फिरवली. आमच्या ओळीतून सुटकेचा निःश्वास निघाला.

पहिला सेट त्याने जिंकला. दुसरा हरला. तिसऱ्यात तो मागे पडला आणि आता सर्व्हिस वाचवली नाही तर संपलंच, अशी वेळ आली. तो रेषेवर उभा राहिला आणि चेंडू आपटायला लागला. सगळं स्टेडियम गप्प. चेंडूचा आवाज तेवढा. आणि मावशी उभी राहिली.

तिला कळलंच नसावं. घरात असती तर ती एव्हाना स्वयंपाकघरात गेली असती. इथे स्वयंपाकघर नव्हतं. पंच ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "प्रेक्षकांनी कृपया बसून घ्यावे." मावशी खाली बसायला गेली तर तिची घडीची खुर्ची मिटलेली, ती पुन्हा उभी. मी खुर्ची उघडायला वाकले तर आमची डोकी आपटली.

चुळबुळ्या थांबला. त्याने कोण आहे ते पाहिलं. ज्याची आयुष्यभर सगळ्यांनी वाट बघितली, तो आता कमरेवर हात ठेवून माझ्या मावशीची वाट बघत होता. मग त्याने रॅकेट खाली-वर करत खूण केली, सावकाश, सावकाश, घाई नाही. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. पण लोक हसले. सगळं स्टेडियम हसलं.

मावशीचा चेहरा उतरला. ती माझ्या अंगावरून, चालकाच्या पायांवरून वाट काढत पायऱ्या चढून बाहेर गेली. चुळबुळ्याने सर्व्हिस केली, पहिली बाहेर, दुसरी जाळीत. "तसाही त्याने घालवलाच असता," चालक पुटपुटला, पण त्याचा चेहरा पडला होता. तो गेम मात्र त्याने कसाबसा वाचवला. पुढे खेळाडू बाजू बदलायला थांबले तेव्हा कुठे मला उठून जाता आलं.

मावशी स्टेडियमला प्रदक्षिणा घालत होती. सायकली लावायची जागा, पाण्याचे नळ, तिकीटखिडक्या, पुन्हा सायकली. मी तिला गाठलं.

"दारातून दिसलं मला. माझ्यामुळे गेला तो पॉइंट," ती म्हणाली.

"काहीतरीच. आत चल, अजून संपलेला नाही."

"मी नाही येत. तू जा."

मी गेले नाही. आम्ही चालत राहिलो. आतून टाळ्यांचा आवाज यायचा, मग शांतता, मग लोकांचं हळहळणं. कुणासाठी काय झालं ते कळायचं नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला आम्ही फाटकापाशी आलो तर एक टॅक्सी थांबली आणि तिच्यातून काका उतरले. पायात घरातल्या सपाता. शर्टाची बटणं एक सोडून एक लागलेली. काकांना मी टॅक्सीत कधी पाहिलं नव्हतं.

"तू उठून गेलीस," ते मावशीला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "टीव्हीवर दाखवलं. मग तुझी खुर्ची रिकामीच दिसत होती. फोन लावला तर घरातच वाजला, टेबलावर. मला वाटलं चक्कर आली की काय."

"चक्कर नाही. चकरा," मावशी म्हणाली आणि चालायला लागली.

"जरा बसतेस का?"

"नाही."

काका दोन क्षण उभे राहिले. मग सपाता फटफटवत तिच्या बरोबरीने चालायला लागले. मी मुद्दाम थोडी मागे राहिले, पण ऐकू येत होतं.

"सकाळी तो सराव करत होता," मावशी म्हणाली. "अगदी स्वस्थ. तुमच्या थंडोबासारखा. मी म्हटलं, हे कसं? मग माझ्या लक्षात आलं. मी लॅबमध्ये तशीच असते. तुम्ही तिथे कधी आलाच नाहीत. तिथे माझा पाय हलत नाही."

"मग?"

"मग घरी का हलतो?"

काका सपाता सावरत चालत राहिले. त्यांना तो उत्तर द्यायचा प्रश्न वाटला नसावा.

"घरी मला सारखं वाटतं, सामना चालू आहे," मावशी म्हणाली. "मी रेषेवर उभी, आणि तुम्ही त्या उंच खुर्चीवर. मी काही बोलले की आत पडलं की बाहेर, ते तुम्ही सांगणार. तीस वर्षं."

"मी कधी आवाज चढवला?"

"पंच आवाज चढवतात का?"

नळ आले, तिकीटखिडक्या आल्या. काकांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण हात दिसत होता. तो शर्टाच्या चुकलेल्या बटणाशी खेळत होता, नीट लावत नव्हता, नुसता फिरवत होता.

"आमच्याकडे ताटं उडायची," काका म्हणाले.

"काय?"

"लहानपणी. वडिलांच्या ताटात काही चुकलं की ताट भिंतीवर. आईकडून चुकलं, आमच्याकडून चुकलं, काहीही. म्हणून मी आधीच बघून ठेवायचो. पाण्याचा पेला उजवीकडे आहे ना, भात गरम आहे ना. चूक त्यांच्या आधी मला दिसली की ताट वाचायचं." ते थोडं थांबले, म्हणजे बोलायचे थांबले, चालत होतेच. "तो थंडोबा मॅच हरतो आणि टॉवेलची घडी घालतो. मला ते बघतच राहावंसं वाटतं. हरलेला माणूस आणि काहीच फुटत नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून टाळ्या सुरू झाल्या. नेहमीसारख्या थांबल्या नाहीत. वाढत गेल्या, मग एका पातळीवर राहिल्या, आणि राहतच गेल्या. जिंकणाऱ्याला टाळ्या मिळतात त्या उसळतात आणि ओसरतात. ह्या निरोपाच्या होत्या.

"हरला," मावशी म्हणाली.

ती पहिल्यांदा उभी राहिली, तिकीटखिडकीला हात टेकून. काका शेजारी उभे राहिले. त्यांनी काही सुचवलं नाही, काही दुरुस्त केलं नाही. टाळ्या ओसरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो.

मग माणसं बाहेर यायला लागली. चालक आला, त्याचे डोळे लाल. शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी सांगितलं की चुळबुळ्याने जाताना चारही बाजूंना हात केला, मग पिशवी विसरला, परत आला, मग टॉवेल विसरला, पुन्हा परत आला, आणि लोक हसत हसत रडत होते.

"हे कोण?" चालकाने काकांकडे बघून विचारलं.

"आमचे हे," मावशी म्हणाली. "थंडोबावाले."

चालकाने सपाता पाहिल्या, बटणं पाहिली आणि सभ्यपणे नजर वळवली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. मावशी आठवडाभर माझ्याशीही धड बोलली नाही. काकांनी चुका सांगणं सोडायचं ठरवलं, तसं जाहीर न करता, आणि ते बघणं फार अवघड होतं. ती म्हणायची, "कालची ती बातमी ऐकली का?" आणि काकांचा चहाचा कप ओठांपाशी जाऊन थांबायचा. बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची. कधी ते उठून गॅलरीत जायचे आणि समोरच्या दुकानाच्या पाटीतल्या चुका मोजून यायचे. एकदा मावशीच वैतागून म्हणाली, "बोला एकदाचं, तुमचा जीव गुदमरतोय." काका म्हणाले, "कालची नाही. परवाची." दोघांनाही बरं वाटलेलं दिसलं.

एका दुपारी ते सुट्टी काढून लॅबमध्ये गेले. मला हे मालकांकडून कळलं. दाराशी बराच वेळ उभे होते म्हणे, मावशी दात कोरत होती, हाक मारू नका असं त्यांनीच मालकांना खुणेने सांगितलं, आणि तिला न भेटताच परत गेले. घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

पुढे मी बदली होऊन दुसऱ्या शहरात गेले. मावशीचा पाय अजून हलतो, पूर्वीपेक्षा कमी की तेवढाच, ते मला सांगता येणार नाही. मोठी स्पर्धा असली की चालक आणि शिक्षिकाबाई मावशीच्या घरी येतात, आणि आता कुणावर जीव लावायचा यावरून वाद घालतात. चालकाला एक नवा मुलगा पसंत आहे, फार चिडका. शिक्षिकाबाई म्हणतात तो नुसता उर्मट आहे, घाबरत नाही, त्याच्यात दम नाही. काका मध्ये पडत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा मागे सामन्याचा आवाज येत होता.

"तू कुणाच्या बाजूने?" मी विचारलं.

"कुणाच्याच नाही अजून," मावशी म्हणाली. "बघतेय. एक मुलगी आहे, दोन चांगले फटके मारले की स्वतःच गोंधळते. तुझ्या काकांना ती अजिबात आवडत नाही." मग फोन बाजूला करून तिने काकांना विचारलं, "किती झाले?" आणि त्यांनी खुर्चीतून सांगितलेला स्कोअर ऐकून मला म्हणाली, "ठेव आता. मला जरा गॅलरीत जाऊन यायचंय."